मरण फुकट गेले का?



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या महिन्यात आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांची नावे मिस्सासाठी लिहून देतो. त्यांतली काही नावे अशी असतात की ती लिहिताना घरच्यांचा हात अडखळतो. म्हातारपणी, संस्कार घेऊन, मुलानातवंडांच्या सोबतीत गेलेल्या माणसाचे दुःख असते. पण त्याच्या मरणाविषयी प्रश्न नसतो. कर्तव्यावर असताना गेलेल्याच्या बाबतीत प्रश्न मागे उरतो. कोणी सैन्यात गेलेला असतो, कोणी समुद्रात, कोणी आग विझवताना, कोणी दुसऱ्याला पाण्यातून ओढून काढताना. अशा घरी सांत्वनासाठी गेलो की निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न आमच्या कानी पडतो : "फादर, त्याचे मरण फुकट गेले का?"

"छे, मुळीच नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सोपे उत्तर खरे असतेच असे नाही, आणि दुःखी माणसाला खोटे उत्तर देणे ही काही दया नव्हे. दुसऱ्या बाजूने, घरातल्या मृत्यूविषयी शांत डोक्याने विचार करणेही कोणाला जमत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हांला एका दूरच्या कबरीकडे घेऊन जाणार आहोत. ती कबर आपल्या कोणाची नाही, पण तिच्यामागची हकिगत बरीच तपशीलवार नोंदलेली आहे.

एक तुकडी, दोन स्मृतिस्थळे

इंग्लंडमधील केंट परगण्यात, चॅथमच्या जुन्या आरमारी गोदीजवळ, जिलिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथील वुडलँड्स दफनभूमीत आरमारातील मृतांसाठी राखलेला भाग आहे आणि त्यात कॅथलिकांचा विभाग आहे. तेथे लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड यांची कबर आहे. ब्रिटिश आरमाराच्या ८२५ क्रमांकाच्या विमान तुकडीचे, म्हणजे स्क्वाड्रनचे, ते प्रमुख होते. त्यांच्याबरोबर त्या दिवशी मेलेल्यांपैकी बहुतेकांना कबर मिळालीच नाही. ज्यांना समुद्राने परत दिले नाही अशा आरमारी वैमानिकांची सुमारे दोन हजार नावे दक्षिण किनाऱ्यावरील ली-ऑन-सोलेंट येथील स्मारकावर कोरलेली आहेत. हे स्मारक १९५३ साली उघडण्यात आले. अशा रीतीने एकत्र उडालेली माणसे आज विभागलेली आहेत. प्रमुख दफनभूमीत आहे आणि त्याचे बरेच सोबती समुद्राकाठच्या नावांच्या यादीत आहेत.

एस्मंड आयरिश कॅथलिक घराण्यातले. त्यांचा जन्म १ मार्च १९०९ रोजी इंग्लंडमध्ये झाला, कारण त्यांचे वडील तेथे डॉक्टर होते. घर मात्र आयर्लंडच्या टिपेररी परगण्यात. शिक्षण येशूसंघीयांच्या शाळांत झाले. तारुण्यात त्यांनी मिशनरी धर्मगुरू होण्याची वाट धरली होती. ती सोडून ते १९२८ साली विमानदलात गेले. पुढे टपाल आणि प्रवासी विमाने चालवली आणि १९३९ साली आरमाराच्या विमानदलात परतले. या घराण्यातील एकाला १७९८ च्या आयरिश उठावात ब्रिटिशांनी फाशी दिले होते, तर दुसऱ्या एकाला क्रिमियन युद्धातील शौर्यासाठी ब्रिटिशांचाच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. एकाच घरात एक बंडखोर म्हणून मेला आणि एक शूर म्हणून गौरवला गेला. माणसाच्या मरणावर जग कोणती चिठ्ठी चिकटवील हे बऱ्याचदा चिठ्ठी लिहिणाऱ्यावर अवलंबून असते, एवढे यावरून ध्यानात ठेवू या.

१२ फेब्रुवारी १९४२

दुसऱ्या महायुद्धात शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन या तीन मोठ्या जर्मन युद्धनौका फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरात अडकून पडल्या होत्या. त्या इंग्लिश खाडीतून जर्मनीकडे पळ काढतील असा ब्रिटिशांचा कयास होता. खाडीचा सर्वांत चिंचोळा भाग त्या रात्रीच्या अंधारात ओलांडतील असे गृहीत धरून योजना आखण्यात आली. त्या योजनेत एस्मंड यांची तुकडी होती. तिची विमाने 'सोर्डफिश' जातीची : दुहेरी पंखांची, अंगावर कापड ताणलेली, वरून उघडी. प्रत्येकात तीन माणसे बसत : चालक, दिशा दाखवणारा, आणि मागे तोंड करून बसणारा बंदूकधारी. पोटाखाली सातशे किलोंहून जड पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लावलेला असे. तो घेऊन विमान ताशी दोनशे किलोमीटरचा वेगही जेमतेम गाठत असे. अंधारात अशा विमानांना काही आशा होती. याच तुकडीने मे १९४१ मध्ये एस्मंड यांच्या नेतृत्वाखाली बिस्मार्क या बलाढ्य युद्धनौकेवर हल्ला केला होता. त्यासाठी मिळालेले पदक एस्मंड यांनी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी राजाच्या हस्ते स्वीकारले.

त्याच रात्री जर्मन जहाजांनी ब्रेस्ट सोडले. पण ती खाडीच्या चिंचोळ्या भागात पोहोचली दुसऱ्या दिवशी भर दुपारी. ब्रिटिशांना ती दिसली सकाळ सरत आल्यावर. आता रात्रीची योजना दिवसा राबवायची की नाही, हा प्रश्न उभा राहिला. मॅन्स्टनच्या धावपट्टीवर सहा सोर्डफिश आणि अठरा माणसे तयार होती. त्यांच्या रक्षणासाठी लढाऊ विमानांच्या पाच तुकड्यांचे आश्वासन मिळाले होते. ठरल्या वेळी एकच तुकडी आली, दहा स्पिटफायर विमानांची. जहाजे हातची निसटत होती. साडेबाराच्या सुमारास एस्मंड निघाले.

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. जर्मन जहाजांभोवती विनाशिका आणि लहान नौकांचे कडे होते, डोक्यावर लढाऊ विमानांचे छत्र होते. अर्ध्या तासाच्या आत सहाही विमाने समुद्रात पडली. मागच्या रांगेतील तीन विमाने शत्रूच्या जहाजांच्या रोखाने जाताना शेवटची दिसली. त्यांतला एकही माणूस परतला नाही. अठरांपैकी तेरा मेले. पाच जण पाण्यातून जिवंत निघाले. त्यांना लहान गस्ती नौकांनी उचलले. एकही पाणतीर जहाजाला लागला नाही. एस्मंड यांचा देह एप्रिलच्या अखेरीस थेम्सच्या मुखाशी सापडला. मरताना त्यांचे वय ३२ होते. मार्चमध्येच त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला होता आणि तो त्यांच्या आईने स्वीकारला.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. ही तेरा मरणे फुकट गेली का?

फळ आणि कृती

परिणामाच्या हिशेबाने पाहिले तर उत्तर "हो" असेच द्यावे लागेल. जहाजे थांबली नाहीत. पुढे त्यांतली दोन वाटेत सुरुंगांवर आदळली खरी, पण ते सुरुंगांचे काम होते, या तुकडीचे नव्हे. मृतांना मान देताना त्यांच्या पदरात न घडलेले यश टाकण्याची गरज नाही. तसे करणे म्हणजे त्यांचे खरे कृत्य पुरेसे नाही असे मान्य करणे होय.

संत थॉमस अक्विनास यांनी धैर्य या सद्गुणाचा विचार करताना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. धैर्याची दोन कामे असतात, हल्ला करणे आणि टिकून राहणे. आणि या दोहोंत टिकून राहणे हेच मुख्य. हल्ला करणाऱ्याला वाटत असते की आपण वरचढ आहोत. टिकून राहणाऱ्यासमोरचे संकट त्याच्याहून मोठे असते, ते आत्ताच अंगावर आलेले असते, आणि तरीही तो आपल्या ठिकाणावरून हलत नाही. त्या दिवशी सोर्डफिशमधल्या माणसांनी केला तो हल्ला म्हणवला जातो. पण त्याचे अंतरंग टिकून राहण्याचे होते. संथ विमान सरळ रेषेत धरून ठेवायचे, कारण वळले तर पाणतीर चुकेल. तेवढा वेळ गोळ्या सोसायच्या. वाचलेल्यांनी सांगितले की एस्मंड यांच्या विमानाच्या कापडाला आग लागली तेव्हा मागे बसलेला विल्यम क्लिंटन हा बंदूकधारी जागेवरून बाहेर पडला, विमानाच्या पाठीवर स्वार होऊन त्याने हातांनी आग विझवली आणि तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. त्याचे विमान थोड्याच वेळात पडले. त्याने विझवलेली आग शेवटी कामी आली नाही. म्हणून ते हात वाया गेले असे म्हणता येईल काय?

कृतीचे मोल आणि कृतीचे फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळ आपल्या हाती नसते. वारा, वेळ, दुसऱ्यांच्या चुका, शत्रूचे बळ यांच्या हाती ते असते. ज्यावर माणसाचा ताबा नाही त्यावरून देव त्याचा न्याय करीत नाही, असे आपण मानतो. मग आपण तरी तसा न्याय का करावा?

मरण पत्करणे आणि मरण मागणे

येथे कोणी विचारील, "फादर, खात्रीच्या मरणात उडी घेणे ही आत्महत्या नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट फरक करते. मरण हेच ध्येय किंवा मरण हेच साधन म्हणून निवडणे वेगळे, आणि एखादे योग्य कर्तव्य करताना मरण येईल हे जाणूनही मागे न फिरणे वेगळे. त्या अठरा जणांकडे जीवरक्षक जाकिटे होती, तरंगणारे तराफे होते. पाणतीर सोडून झाल्यावर परत फिरण्याचीच योजना होती. जे पाच जण वाचले ते गोठवणाऱ्या पाण्यात जगण्यासाठी झटले. मरण मागणारी माणसे तराफा फुगवीत नाहीत. त्यांनी मरण मागितले नव्हते. मरणाची भीती दाखवून कोणी त्यांना कर्तव्यापासून हटवू शकले नाही, इतकेच.

तरीही ख्रिस्तसभा त्यांना रक्तसाक्षी म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये. युद्धात मेलेला प्रत्येक जण संत होतो ही कल्पना राष्ट्रांना सोयीची आहे, पण ती ख्रिस्ती नाही. मित्रांसाठी प्राण देण्याविषयीचे प्रभूचे वचन कितीतरी युद्धस्मारकांवर कोरलेले आढळते. प्रभूने ते शेवटच्या भोजनाच्या वेळी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी कोणाचाही प्राण न घेता स्वतःचा प्राण देऊन ते पुरे केले. सैनिक प्राण देतो, पण तो प्राण घ्यायलाही निघालेला असतो. तो अन्यायी आक्रमणाविरुद्ध लढत असला तर त्याचे कर्तव्य उचित असते, आणि हिटलरच्या सत्तेला अडवणे उचित होते याविषयी आम्हांला शंका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही देशाच्या सैन्यात असणाऱ्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक मानावे, असे १९६५ साली म्हटले आहे. सेवकाला मान द्यावा. त्याला वेदीवर चढवण्याची घाई करू नये.

ज्यांनी पाठवले त्यांचे काय?

आता सर्वांत अवघड भाग. स्मारकाची शिळा मेलेल्याविषयी बोलते. ज्याने त्याला पाठवले त्याच्याविषयी ती सहसा मुकी असते.

डोव्हरचे आरमारी प्रमुख व्हाइस ॲडमिरल रॅम्से यांना या विमानांना दिवसाढवळ्या पाठवणे जड गेले, आणि अखेरचा शब्द एस्मंड यांच्यावर सोडण्यात आला, असे अनेक वृत्तांत सांगतात. वरकरणी हा मोठेपणा दिसतो. परंतु ज्या माणसाने आदल्या दिवशी राजाच्या हातून पदक घेतले आहे, ज्याने आपली तुकडी स्वतःहून पुढे केली आहे, त्याला ऐन वेळी "तुम्हीच ठरवा" असे विचारले तर तो "नाही" म्हणेल काय? कधी कधी निवडीचे स्वातंत्र्य देणे म्हणजे आपल्या खांद्यावरचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे असते. शिवाय एस्मंड यांचा "हो" एकट्याचा नव्हता. तो अठरा जणांचा "हो" झाला. मागे तोंड करून बसलेल्या बंदूकधाऱ्याला कोण विचारायला गेले होते?

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात युद्ध न्याय्य ठरण्याच्या ज्या अटी दिल्या आहेत त्यांत एक अशी आहे की यशाची खरीखुरी शक्यता असली पाहिजे. ही अट संपूर्ण युद्धाविषयी आहे हे खरे. पण तिच्यामागचे तत्त्व आम्हांला लहान आज्ञेलाही लागू वाटते. सैनिकाने जीव धोक्यात घालण्याचे वचन दिलेले असते. त्याचा जीव उधळण्याचा अधिकार मात्र त्या वचनाने कोणाला मिळत नाही. ज्या योजनेचा आधार रात्र होती ती दिवसा तशीच राबवणे, आणि कबूल केलेले रक्षण आले नसताना राबवणे, हे धैर्य नव्हते. ती योजनेची हार होती, आणि तिची किंमत धैर्यवानांनी भरली.

या नामुष्कीबद्दल ब्रिटनमध्ये त्याच वर्षी न्यायमूर्ती बकनिल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. त्याचा अहवाल लोकांसमोर आला तो युद्ध संपल्यावर, १९४६ साली. गौरव मात्र तीन आठवड्यांत जाहीर झाला होता. आम्ही त्या गौरवाला खोटा म्हणत नाही. तो पुरेपूर कमावलेला होता. पण गौरव लवकर येतो आणि हिशेब उशिरा, हे जगात सर्वत्र घडते, आणि कित्येकदा हिशेब येतच नाही. पुष्पचक्राखाली प्रश्न झाकून टाकणे फार सोपे असते. मृताच्या नावाचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी करणेही तितकेच सोपे. मे १९४५ मध्ये चर्चिल यांनी आयर्लंडच्या तटस्थतेवर टीका करणारे भाषण केले, तेव्हा त्यांनी एस्मंड यांचे नाव घेतले. त्यात आदर होता हे मान्य, पण त्याच नावाने आयर्लंडला टोमणाही मारला गेला. मेलेल्याला कोणी परवानगी विचारत नाही.

एकाच मापाची शिळा

मानाच्या वाटणीकडेही पाहा. त्या काळच्या ब्रिटिश नियमाप्रमाणे शत्रूसमोर मेलेल्याला दोनच सन्मान मिळू शकत होते : सर्वांत वरचा व्हिक्टोरिया क्रॉस, किंवा अगदी खालचा, अधिकृत युद्धवृत्तांतातील नामोल्लेख. एस्मंड यांना पहिला मिळाला. उरलेल्या बारा मृतांना दुसरा. ज्याने हातांनी आग विझवली त्यालाही नामोल्लेखच. वाचलेल्या पाचांपैकी चार अधिकाऱ्यांना एक पदक मिळाले, आणि पाचव्या बंदूकधाऱ्याला, तो अधिकारी नसल्यामुळे, दुसरे. विमान एक, गोळ्या त्याच, पाणी तेवढेच थंड. पदके मात्र हुद्द्याप्रमाणे.

दफनभूमीत हा भेद मिटतो. पुण्याजवळ खडकी येथील युद्ध दफनभूमी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या तेथील शिळा एकाच मापाच्या आहेत. सेनाधिकारी असो वा साधा शिपाई, दोघांची शिळा सारखीच. हे तत्त्व १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाने स्वीकारले, आणि श्रीमंत घराण्यांना आपापल्या मुलांसाठी मोठी स्मारके उभारण्याची मोकळीक दिली नाही. वुडलँड्समध्येही एस्मंड यांची शिळा त्याच ठरलेल्या मापाची आहे. तिच्यावर पदकाचे चिन्ह आहे, पण ती शेजारच्या खलाशाच्या शिळेहून उंच नाही.

मात्र हे तत्त्वही माणसांनीच राबवले. याच आयोगाने २०२१ साली एका अहवालात कबूल केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या आफ्रिकी, भारतीय आणि इतर वसाहतींतील सैनिक-मजुरांना सारखा मान मिळाला नाही. निदान १,१६,००० मृतांची, कदाचित त्याहून कितीतरी अधिक जणांची, नावे कोरलीच गेली नाहीत. तरीही आम्हांला ती कबुली महत्त्वाची वाटते. स्मारक उभारणाऱ्यांनीच "आमचे स्मारक अपुरे होते" असे म्हणणे, हेही मृतांना मान देणेच आहे.

यहूदा मक्काबी यांनी काय केले?

आपल्या पवित्र शास्त्रात युद्धात पडलेल्यांचा एक प्रसंग आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात तो वाचायला मिळतो. लढाईनंतर यहूदा मक्काबी आपल्या मृत सैनिकांचे देह उचलायला जातात, तेव्हा त्यांच्या कपड्यांखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात. हे सैनिक देवाच्या नियमशास्त्रासाठी लढत होते, आणि गुपचूप तेच नियमशास्त्र मोडत होते. यहूदा काय करतात? ते ही गोष्ट लपवीत नाहीत आणि ती माणसे टाकूनही देत नाहीत. ते त्यांना त्यांच्या पूर्वजांशेजारी पुरण्याची व्यवस्था करतात, सर्वांबरोबर त्यांच्या पापक्षमेसाठी प्रार्थना करतात, आणि दोन हजार द्राख्मा गोळा करून त्यांच्यासाठी यज्ञार्पण व्हावे म्हणून यरुशलेमला पाठवतात.

मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या परंपरेचा हा मोठा आधार आहे. पण त्यात स्मारकांसाठीही शिकवण आहे असे आम्हांला वाटते. यहूदांनी तीन गोष्टी एकत्र केल्या : मान, सत्य आणि प्रार्थना. जगाच्या स्मारकांत बहुधा पहिलीच असते. इतिहासाच्या पुस्तकांत दुसरी असते. ख्रिस्ती माणसाला तिन्ही लागतात, कारण तिसरीच्या आधाराशिवाय दुसरी सोसवत नाही. ज्याच्यासाठी आपण देवाची दया मागतो त्याला निर्दोष ठरवण्याची आपल्याला गरज उरत नाही.

प्रार्थनेला सीमाही नसते. स्मारक आपल्या बाजूच्या मृतांचे असते. मिस्सा सर्वांसाठी असते. जी शार्नहोर्स्ट त्या दुपारी निसटली ती २६ डिसेंबर १९४३ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, नॉर्वेच्या उत्तरेस बुडाली. तिच्यावरील १,९०० हून अधिक माणसांपैकी ३६ वाचली. सोर्डफिशवर गोळ्या झाडणाऱ्यांपैकी कितीतरी त्यांत असणार. त्यांच्याही आया होत्या, आणि त्यांनाही कबर नाही. दोन्ही बाजूंच्या मृतांना एकाच समुद्राने घेतले. एका प्रार्थनेत त्यांना घेणे आपल्याला जड का जावे?

मग आपण काय सांगावे?

"त्याचे मरण फुकट गेले का?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. त्याच्या हातून जे घडायचे होते ते कदाचित घडले नसेल. ते घडले असे आम्ही खोटे सांगणार नाही. पण त्याने जे दिले ते फुकट गेलेले नाही. भिऊन पळता आले असते तेव्हा तो थांबला, हे आता देवाजवळ जमा आहे आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि त्याला तेथे कोणी, का, कोणत्या तयारीनिशी पाठवले, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. तो प्रश्न विचारल्याने त्याचा मान कमी होत नाही.

हा हक्क केवळ युद्धापुरता नाही. विषारी वायू भरलेल्या गटारात साधनांवाचून उतरवलेला कामगार मरतो, वादळाचा इशारा असताना समुद्रावर धाडलेल्या बोटीतला खलाशी मरतो, तेव्हा आपण हार घालतो, मदतीचा धनादेश देतो, "कर्तव्यनिष्ठ" असे म्हणतो. कर्तव्यनिष्ठ तो होताच. पण त्याला पाठवणाऱ्याचे कर्तव्य कोठे होते? आपल्या धर्मग्रामात मालक आहेत, मुकादम आहेत, ठेकेदार आहेत, अधिकारी आहेत. दुसऱ्याच्या जिवावर ज्याचा शब्द चालतो त्या प्रत्येकाने या महिन्यात स्वतःला एक गोष्ट विचारावी : मी आज ज्याला कामावर पाठवतो आहे त्याला कबूल केलेले संरक्षण खरोखर मिळाले आहे काय, की तो नाही म्हणणार नाही हे माहीत आहे म्हणून मी त्याला पाठवतो आहे?

या महिन्यात मिस्सासाठी नावे लिहून देताना आपल्या घरच्या नावांखाली एक ओळ मोकळी सोडावी, अशी आमची विनंती आहे. त्या ओळीवर कर्तव्यावर मेलेल्या आणि ज्यांचे नाव घ्यायला कोणी उरलेले नाही अशा सर्वांसाठी प्रार्थना लिहावी. आपल्या देशातल्या आणि परक्या, मित्र असलेल्या आणि शत्रू म्हणवल्या गेलेल्या. येत्या रविवारच्या मिस्सामध्ये ती नावे वेदीवर ठेवली जातील.

प्रभू त्यांना सार्वकालिक शांती देवो.